तूप पिणारे क्युखले

केर्वाच्या जत्रेची धामधूम संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, थेक्ला परसात चादरी वाळत घालत होती. शेजारच्या रेटलच्या खुराड्यापाशी कोंबड्यांनी नुसता कल्ला मांडला होता. कोल्हा तर नाही ना शिरला, म्हणून थेक्लाने कुंपणावरून डोकावून पाहिलं. कोल्हा नव्हता. सात-आठ कोंबड्या तुपात तळलेल्या क्युखल्यांवर तुटून पडल्या होत्या.

क्युखले थेक्लाच्याच हातचे होते, त्यात शंकेला जागा नव्हती. कडेला जाडजूड गोल कडं आणि मधे कागदासारखा पातळ पापुद्रा, असा क्युखला हाइडनरॉइट गावात दुसरं कोणी ओढत नसे. ऑक्टोबरात चर्चची जत्रा, म्हणजे केर्वा, जवळ आली की गावातली पंधरा घरं आपापलं पीठ, अंडी नि तूप थेक्लाकडे आणून टाकत आणि शनिवारी टोपलीभर क्युखले घेऊन जात. चव्वेचाळीस वर्षं हे असंच चाललेलं.

दुसरी एखादी असती तर तिने तिथूनच रेटलचा उद्धार केला असता. थेक्लाला राग आला, नाही असं नाही, पण तिच्या रागाच्या पुढे तिचं कुतूहल धावायचं. लहानपणी तिने वडिलांचं घड्याळ उघडून ठेवलं होतं, लग्नानंतर शिवणयंत्र. ती फाटक ढकलून आत गेली, कोंबड्यांना पायाने बाजूला सारलं, एक अर्धा क्युखला उचलला आणि दाबून पाहिला. बोटं तुपाने माखली.

"रेटल! ए रेटल!"

रेटल दारात आली. थेक्लाच्या हातात काय आहे ते पाहून तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"ते होय... ताट पडलं गं हातातून."

"सात क्युखले पडले, आणि सातही नेमके खुराड्यात पडले?"

रेटलने ॲप्रनला हात पुसले, मग पुन्हा पुसले. "खरं सांगू?"

"मग काय, खोटं ऐकायला आलेय होय मी?"

"तूप पितात गं. दोन वर्षं झाली. एक खाल्ला की घशाशी येतो. माझ्या जावयाने यंदा दुसऱ्याला हात लावला नाही. पूर्वी सहा-सहा चापायचा मेला."

"दोन वर्षं? आणि कोणी चकार शब्द काढला नाही?"

"कोण काढणार? तू त्या शनिवारी एवढी राबतेस."

"म्हणजे गावाला माहीत आहे."

"गावाला सगळंच माहीत असतं, थेक्ला. ज्याचं त्यालाच तेवढं माहीत नसतं."

थेक्ला तो अर्धा क्युखला तसाच हातात धरून घरी आली. किलियान, तिचा नवरा, टेबलाशी बसून पावावर मुरंबा लावत होता. तो चौऱ्याहत्तरचा, ती अडुसष्टची. आयुष्यभर तो या चर्चमधून त्या चर्चमध्ये ऑर्गन सुरात लावत फिरला होता. आठ वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे माळ्यावरच्या शिड्या चढवेनात, म्हणून त्याने काम सोडलं.

"तुला माहीत होतं?" तिने क्युखला त्याच्या बशीत टाकला.

किलियानने क्युखल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला तुझ्या हातचं सगळंच आवडतं."

"नव्या जावयासारखा बोलू नकोस. तूप पितात की नाही?"

"पितात," तो म्हणाला. "थोडंसं."

मग थेक्ला हात धुऊन त्या तुपाच्या मागे लागली. कारण शोधल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तिने पेन्सिलीने संशयितांची नावं लिहिली. पहिला नंबर नव्या विजेच्या शेगडीचा. दोन वर्षांपूर्वी मुलाने हौसेने आणून बसवलेली, आणि क्युखले बिघडले तेही त्याच सुमाराला. थेक्लाने मागच्या धुण्याच्या खोलीतली जुनी लोखंडी चूल झाडली, लाकडं पेटवली, धुराने डोळे लाल करून घेतले आणि सहा क्युखले तळले. सहाही तूप प्याले. शेगडीच्या नावावर तिने काट मारली.

मग पीठ. गिरणी बदलून पाहिली. मग अंडी, मग दूध. आंबवणाला वेळ कमी पडत असेल म्हणून एकदा तिने कणीक रात्रभर ठेवली, तर सकाळी ती भांड्यातून उतरून टेबलावर हवा खात होती. कणकेत चमचाभर आलुबुखाराची दारू घातली की क्युखला तूप पीत नाही असं तिची आई म्हणायची. तिने एकाऐवजी तीन चमचे घातले. क्युखले तेवढेच तुपकट झाले. किलियानने मात्र त्या दिवशी पाच खाल्ले.

"हे बरे झालेत," तो म्हणाला.

"हे बरे नाही झालेत, तू बरा झालायस," असं म्हणून तिने दारूवरही काट मारली.

नाताळ गेला, बर्फ पडून वितळलं, आणि कॅलेंडरमागच्या यादीत काट न मारलेलं एकच नाव उरलं. ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: मी.

पण मी म्हणजे काय? हात तर तेच होते. ती नेहमीसारखी खिडकीपाशी ठेंगण्या स्टुलावर बसायची, कारण पापुद्रा किती पातळ झाला ते उजेडातच दिसतं. गुडघ्यावर धुतलेलं तागाचं फडकं पसरायचं, कणकेचा उंडा त्यावर ठेवायचा आणि मधून कडेकडे ओढत जायचं, पापुद्र्यातून फडक्याची वीण दिसेपर्यंत. पाठीमागे शेगडीवर तुपाचं बिडाचं पातेलं, आणि क्युखला उलटायची लाकडी काडी तुपात उभी. तूप झालं की ती उठायची, क्युखला अलगद सोडायची, वरून दोन चमचे तूप उडवायची. पापुद्रा पांढराच राहायचा, कडं तांबूस व्हायचं.

"पण तूप झालं हे तुला कळतं कसं?" किलियानने एकदा विचारलं.

"कळतं म्हणजे कळतं. चव्वेचाळीस वर्षं करतेय."

म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिचं तिलाच ते उत्तर पटलं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी रेटल अक्रोडांची पिशवी घेऊन आली. खुराड्याच्या प्रकरणापासून ती जरा जास्तच गोड वागत होती. थेक्लाची त्या आठवड्याची खटपट चालूच होती. रेटल टेबलाशी बसून अक्रोड फोडत, सुनेच्या कागाळ्या सांगत राहिली. थेक्ला स्टुलावर क्युखला ओढत होती. ओढून झाला तशी ती उठली.

"अगं, थांब की जरा," रेटल बोलता बोलता म्हणाली, "अजून कुठे तापलंय? हां, तर ती सून मला म्हणते कशी..."

थेक्ला थांबली. सुनेचं पुराण आणखी थोडं पुढे गेलं. मग रेटल म्हणाली, "टाक आता."

थेक्लाने टाकला. तो वर आला, फुलला, तिने तो उलटला, काढून कागदावर ठेवला. कागदावर नुसतं एक पुसटसं कडं उमटलं. तिने मोडून पाहिला. आत जाळी, बाहेर खुसखुशीत. दोन वर्षांत असा झाला नव्हता. त्या दुपारी आठ क्युखले झाले आणि आठही तसेच.

रेटल गेल्यावर थेक्ला बराच वेळ कॅलेंडरसमोर उभी राहिली. पीठ तेच, तूप तेच, शेगडी तीच. फरक एकच. तिने लिहिलं: रेटल?

"तिचा पायगुण म्हणायचा की काय?" किलियान हसला.

"पायगुण असता तर तिच्या नवऱ्याला नसता का लागू पडला? बिचारा चाळिशीतच गेला."

दुसऱ्या दिवशी तिने रेटलला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, "इथे बस. अक्रोड फोड. पण तोंडातून शब्द काढायचा नाही."

"का गं?"

"प्रयोग आहे."

रेटल बसली. गप्प बसताना तिला जे कष्ट पडले ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. चार क्युखले झाले, चारही तूप प्याले. मग थेक्ला म्हणाली, "आता बोल."

"काय बोलू?"

"काल काय बोलत होतीस? टाक, थांब, तेच."

रेटलने "थांब" म्हटलं, "टाक" म्हटलं, आणि पुढचे चार पिसासारखे हलके निघाले. थेक्लाने पातेलं शेगडीवरून उतरवलं आणि तिच्यासमोर येऊन बसली.

"तू पातेल्याकडे बघतसुद्धा नव्हतीस. तुझं लक्ष अक्रोडात. मग तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? तूप बोलतं की."

"तूप बोलतं?"

"ती काडी उभी असते ना तुझी तुपात, तिच्याभोवती तडतडतं. आधी गप्प असतं, मग बारीक कुरकुरायला लागतं, मग तडतड तडतड. तुझ्याकडे बसून बसून माझ्याही कानात बसलंय ते." रेटल थांबली. "का? तुला नाही ऐकू येत?"

थेक्लाने तूप पुन्हा तापत ठेवलं आणि पातेल्यावर इतकी वाकली की रेटलने तिला मागे ओढलं. काडीभोवती बारीक मण्यांसारखे बुडबुडे येत होते. ते तिला दिसत होते. पण त्यांना आवाज नव्हता, खिडकीच्या काचेपलीकडे पाऊस पडावा तसा.

"थट्टा करतेस माझी," ती म्हणाली.

"माझ्या सुनेची शपथ," रेटल म्हणाली. मग तिला वाटलं, ही शपथ थेक्ला काही खरी धरायची नाही, म्हणून तिने जावयाचीही घातली.

थेक्ला तशीच किलियानच्या खोलीत गेली. अंगणापलीकडची ती खोली म्हणजे जुन्या ऑर्गनांचा दवाखानाही होता नि स्मशानही. भिंतीला टेकवलेले लाकडी पाइप, कथलाचे पाइप, चामड्याचे तुकडे, सरसाचा वास. खिडकीत मांजर पसरलेली.

"मी बहिरी झालेय का?" तिने विचारलं.

किलियानने चष्मा काढला. "हे काय नवीन? आता मी बोलतोय ते ऐकतेयस ना?"

"तुझं ऐकू येतं. रेटलचं येतं. घंटा येते, कोंबडा येतो. तुपाचं येत नाही."

त्याने हसण्यावारी नेलं नाही. त्याने एक सपाट लाकडी पेटी काढली. तिच्यात चोवीस पाइप ओळीने निजलेले, पहिला हाताच्या कोपरापासून बोटापर्यंत लांब, शेवटचा आगकाडीपेक्षा थोडा मोठा.

"पाठ फिरवून बस. ऐकू आला की हात वर कर."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. पहिला घोगरा सूर आला, तिने हात वर केला. दुसरा, तिसरा. सूर चढत चढत बारीक होत गेले. ती मनात मोजत होती. पंधराव्याला हात वर गेला. मग ती वाट पाहत बसली. बराच वेळ काहीच नाही.

"झोपलास की काय?"

"नाही," मागून त्याचा आवाज आला. "सगळे झाले वाजवून."

ती गर्रकन वळली. "उगाच काहीतरी! पंधराच वाजवलेस."

त्याने शेवटचा, सगळ्यात छोटा पाइप तिच्या हातात ठेवला. तिने फुंकला. नुसती हवा गेली, गवताच्या नळीतून जावी तशी. पण खिडकीतली मांजर कान पाडून ताडकन उठली आणि बाहेर पळाली.

थेक्ला त्या रिकाम्या खिडकीकडे पाहत राहिली. तिने पुन्हा फुंकलं. काही नाही.

"तुला येतो हा ऐकू?" तिने विचारलं.

किलियानने पाइप तिच्याकडून घेतला, रुमालाने पुसला, पेटीत ठेवला, पुन्हा काढला.

"नाही," तो म्हणाला. "हाही नाही, आणि त्याच्या आधीचे सातही नाहीत."

"कधीपासून?"

"नऊ-दहा वर्षं झाली असतील. नदीपलीकडच्या चर्चचा ऑर्गन लावला होता मी. वरचे सगळे पाइप बेसूर राहिले आणि मला पत्ताच नाही. वर्षभर लोक तसंच गात होते. मग तिथला घंटेकरी एक दिवस मला म्हणाला, मास्तर, ऑर्गनमध्ये उंदीर झालेत वाटतं, किंचाळतात. मी वर चढलो. उंदीर कुठले! मला काहीच ऐकू येईना, तेव्हा कळलं. त्या महिन्यात काम सोडलं."

"पण तुझे गुडघे?"

किलियान खाली बघू लागला.

"किलियान. तुझे गुडघे?"

"गुडघे बरे आहेत."

"आठ वर्षं!" थेक्ला उभी राहिली. "आठ वर्षं मी रोज रात्री तुझ्या गुडघ्यांना कोबीची पानं बांधतेय! हिवाळ्यात आपल्याकडचा कोबी संपतो तेव्हा त्या रेटलकडे मागायला जातेय!"

"तुला बरं वाटायचं बांधून," तो पुटपुटला. "आणि खरं सांगू, मलाही बरं वाटायचं."

ती दार आपटून गेली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पण रात्रीच्या सूपला बसल्यावर तिच्याच्याने राहवेना.

"ते आठ पाइप ऐकू येत नाहीत म्हणतोस. मग ती नळी फुटकी नाही, वाजतेय, हे तुला कसं कळतं? मांजर काही तू बरोबर घेऊन फिरत नव्हतास."

"बोटाला कळतं," तो म्हणाला. "पाइप बोलायला लागला की अंगातून शहारतो. बोट हलकंच टेकवलं की समजतं. सुरात आहे की नाही ते नाही कळत. पण बोलतोय की गप्प आहे, एवढं कळतं."

थेक्लाचा चमचा हवेतच राहिला.

"उठ," ती म्हणाली.

"अगं, सूप..."

"सूप कुठे पळून जात नाही. उठ."

चव्वेचाळीस वर्षांत तिने किलियानला तळणाच्या वेळी स्वयंपाकघरात उभं राहू दिलं नव्हतं. पुरुषमाणूस मधे आला की तूप थंड होतं, असं तिची आई म्हणायची. आज तिने त्याला शेगडीपाशी उभं केलं, तूप तापत ठेवलं, काडी उभी केली आणि म्हणाली, "धर. वरच्या टोकाला. दाबू नकोस."

किलियानने दोन बोटांनी काडी धरली आणि डोळे मिटले. थेक्लाने इतक्या वर्षांत त्याला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. तो चर्चमध्ये, ती घरात. त्याच्या कपाळावर एक आठी पडली, मग ती सुटली.

"गप्प आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "गप्पच आहे." मग बोटं किंचित सैल करून, "आलं. मुंगी चालल्यासारखं. वाढतंय. आता बघ."

थेक्लाने त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः काडी धरली. आधी काही कळेना. तिने बोटांचा जोर कमी केला, आणखी कमी केला, आणि मग ते आलं. काडीच्या टोकातून तिच्या बोटांच्या पेरांत बारीक गुदगुल्या. ती एकदम मोठ्याने हसली.

"बोलतंय रे!"

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, एवढी वर्षं पाठ करून बसलीस, आता तरी तोंड इकडे कर."

पण प्रश्न तिथे संपत नव्हता. क्युखला ओढायला दोन्ही हात लागतात आणि एक गुडघा. काडी धरायला तिसरा हात कुठून आणायचा? स्टूल शेगडीजवळ आणावं तर उजेड नाही. दोन दिवस तिने स्वयंपाकघरातलं सामान इकडचं तिकडे केलं, काडीला दोरा बांधून दोरा मनगटाला बांधून पाहिला, त्यात एकदा पातेलंच ओढलं जाणार होतं. शेवटी तिने किलियानसमोर एक ॲप्रन टाकला.

"गुडघे बरे आहेत ना? मग उभा राहा."

एप्रिल ते सप्टेंबर दर शनिवारी त्यांची तालीम चालली. किलियान पहिल्यांदा फार घाई करायचा, मग फार उशीर. एकदा त्याने इतकं ताणलं की कडं काळं आणि आत कच्चं. थेक्ला स्टुलावरून ओरडायची, "अरे, तुझा ऑर्गन नाही तो, पेटेल!" तो म्हणायचा, "तू ओढ, मी सांगतो तेव्हा टाक, मधे बोलू नकोस." असं तिला आजवर त्या स्वयंपाकघरात कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ती इतकी चकित झाली की खरंच गप्प बसली. तूप हळूहळू त्याच्या बोटांत मुरलं. किती क्युखल्यांनंतर ते थंड होतं, नवं तूप ओतल्यावर किती वेळ गप्प राहतं, हे तो तिला सांगायला लागला. ते सगळं तिला इतकी वर्षं येत होतं, पण शब्दांत असं कधी सापडलं नव्हतं.

रेटलला तिने सगळं सांगून टाकलं, कानांचं आणि कोबीचंही. मग रोज कुंपणावरून प्रश्न सुरू झाले. "रेटल, इस्त्रीवर पाणी शिंपडलं की आवाज होतो का गं अजून?" "रेटल, गवतातले किडे रात्री ओरडतात का? मला वाटलं शेतकऱ्यांनी औषधं मारून संपवले." रेटल उत्तरं देता देता थकायची. "ओरडतात गं बाई, झोपू देत नाहीत मेले. तू सुखी आहेस."

केर्वाच्या शनिवारी पहाटे चारला कणीक भिजली. पंधरा घरांनी पीठ-तूप यंदाही आणून दिलं होतं. कोणी तोंड वाकडं केलं नाही, पण दोन-तीन घरांनी अर्धंच आणलं होतं. थेक्लाने ते पाहिलं होतं. उजाडायला पहिला उंडा तिच्या गुडघ्यावर आला. किलियान काडी धरून उभा होता, डोळे मिटून.

"हं," तो म्हणाला.

तिने सोडला. कणकेने तुपात डुबकी मारली, वर आली, पापुद्र्याचा फुगा धरला. किलियानने काडीने उलटला, बाहेर काढला. कागदावर नाही म्हणायला एक ठिपका. पुढचा उंडा गुडघ्यावर आला.

दुपारपर्यंत दीडशेच्या वर झाले. एकूण चार जळाले. ते किलियानने ॲप्रनच्या खिशात लपवले आणि तूप ॲप्रनमधून त्याच्या पँटपर्यंत पोचल्यावर पकडला गेला. पिठीसाखर भुरभुरून टोपल्या भरल्या, तेव्हा थेक्लाचा गुडघा आखडला होता. टोपल्या घरोघर द्यायला किलियान निघाला.

अर्ध्या तासाचं काम. तो दोन तासांनी आला. थेक्ला खिडकीतून कितीदा डोकावून गेली असेल. चौकात जत्रेचं उंच झाड उभारायचा दंगा चालला होता, बँड वाजत होता, आणि किलियान रिकाम्या टोपल्या हातात अडकवून रमतगमत येत होता.

"कुठे होतास?"

"सगळ्यांना सांगत होतो. बोटाने तूप कसं ऐकायचं ते. लोकांना फार कुतूहल आहे."

"लोकांना की तुला? बरं, ते राहू दे. खाल्ले का कोणी?"

"खाल्ले."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार?"

"अरे, काहीतरी म्हणाले असतील! रेटलचा जावई? तो काय म्हणाला?"

किलियान खुर्चीत बसला, बूट काढले आणि पाय लांब केले. "चौथा खात होता," तो म्हणाला. "तोंड भरलेलं होतं त्याचं. बोलता येईना."